वरळीचा बेडूक आणि पृथ्वीवरचे प्रलय

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाचा काळा सुळका आहे. चारी बाजूंनी इमारती आणि झोपड्या, वर गावदेवीचं देऊळ, आणि मधोमध सुमारे साठ मीटर उंचीची सरळसोट दगडी भिंत. जवळ जाऊन पाहिलं की ही भिंत एकसंध नाही हे कळतं. उभे कोनदार खांब एकमेकांना घट्ट चिकटून उभे आहेत. हे कुणी घडवलेले नाहीत. जाड थरात साचलेला लाव्हा सावकाश निवतो, निवताना आकसतो आणि त्याला तडे जातात. हे तडे थंड पृष्ठभागापासून सुरू होऊन आत आत सरकतात. सगळीकडून सारखा ताण असेल तर ते साधारण १२० अंशांच्या कोनात एकमेकांना मिळतात, म्हणून खांबांना बहुतेक वेळा पाच-सहा बाजू दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर या टेकडीचं वय '६.६ कोटी वर्षं' म्हणून फिरत असतं. म्हणजे नेमकी डायनासोर मेले तेव्हाची. ऐकायला झकास आहे. पण २००१ मध्ये या खडकातल्या आरगॉन वायूच्या मोजमापावरून जे वय निघालं, ते सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षं. थोडक्यात, डायनासोर संपून पन्नासेक लाख वर्षं उलटल्यावर हा लाव्हा थिजला. मला हा 'कमी' आकडाच जास्त मोलाचा वाटतो. प्रलय कसा आला हे सांगणाऱ्या जागा जगात पुष्कळ आहेत. प्रलय सरल्यावर कोण उरलं होतं, हे सांगणारी जागा आपल्या पायाखाली आहे.

ती कशी, हे कळायला आधी घाटात जाऊ. मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या आसपास डोंगराच्या कापलेल्या अंगाकडे बघा. काळ्या थरांच्या मधे कुठेकुठे विटकरी-तांबडा पट्टा आडवा गेलेला दिसतो. भूशास्त्रज्ञ त्याला 'रेड बोल' म्हणतात. लाव्हाचा एक थर आला, निवला, ऊन-पावसाने झिजला, त्यावर माती धरली. मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती त्याच्याखाली गाडली गेली, भाजली गेली. म्हणजे काळा थर हा उद्रेक आणि तांबडा पट्टा ही दोन उद्रेकांमधली उसंत. या उसंतीच्या काळात तिथे झाडोरा उगवत होता, पाणी साचत होतं, प्राणी राहत होते. गाडीच्या खिडकीतून दोन सेकंदांत मागे पडणाऱ्या त्या पट्ट्यात कित्येक पिढ्यांचं जगणं दबलेलं आहे.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शंकूच्या आकाराचा डोंगर येतो. दख्खनचा लाव्हा तसा आला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पसरत गेला. त्यातले काही प्रवाह आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे हजारेक किलोमीटर वाहत गेले असं मानलं जातं. आज उरलेला पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. यातला मोठा भाग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे, सात-आठ लाख वर्षांत ओतला गेला. मुंबई मात्र या कहाणीच्या शेपटाकडची. तोवर सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटत होता, किनारा खचत होता, उथळ खाजणं आणि तळी तयार होत होती. म्हणून मुंबईत काही ठिकाणी पाण्यात ओतला गेल्यावर उशांसारखा फुगलेला लाव्हा सापडतो, आणि दोन लाव्हांच्या मधे तळ्यातला गाळ सापडतो.

असाच गाळ वरळीला आणि मलबार हिलच्या बाजूला सापडला. एकोणिसाव्या शतकात वरळीच्या खोदकामात त्या गाळात इवल्या बेडकांचे सांगाडे निघाले, एकदोन नव्हे तर ढिगाने. १८४७ मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं रिचर्ड ओवेन यांनी. हे तेच ओवेन, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी 'डायनासोरिया' हे नाव जगाला दिलं होतं. बेडकाला त्यांनी राना प्युसिला म्हटलं, आज त्याला इंडोबॅट्राकस प्युसिलस म्हणतात. त्याच गाळात गोड्या पाण्यातलं कासव होतं, शिंपल्यासारख्या कवचातले बारीक जलचर होते, झाडपाल्याचे अवशेष होते. मुंबईत राहणारे डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये या सगळ्याची नोंद केली. बेडूक, कासव, गाळात जगणारे जीव. ही यादी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझा भाचा सातवीत आहे. गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या चढताना त्याने सरळ विचारलं, "मामा, मग मुंबईत डायनासोर का नाही सापडत? तो गुजरातवाला तर आपल्या एवढ्या जवळ होता." त्याला राजासॉरस माहीत होता. गुजरातच्या आताच्या महिसागर जिल्ह्यातल्या राहिओलीजवळ मिळालेल्या हाडांवरून २००३ मध्ये नाव दिलेला मांसाहारी डायनासोर. गुजरात कशाला, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले, आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच ही समजूत मोडीत निघाली. मुंबईत ते नाहीत याचं उत्तर सोपं आहे: मुंबईचे खडक तयार झाले तेव्हा डायनासोर उरलेच नव्हते. "म्हणजे आपण उशिरा आलो," भाचा म्हणाला. तसंच म्हणायचं.

आता प्रलयांकडे. उत्क्रांती म्हणजे 'जो बलवान तो टिकतो' असं आपण शाळेत अर्धवट ऐकलेलं असतं. नेहमीच्या दिवसांत ते साधारण खरंही असतं: जो आपल्या परिसराला जास्त जुळतो, त्याची पिल्लं जास्त जगतात, आणि लाखो वर्षांत त्याचे गुण वाढत जातात. पण प्रलय आला की हा हिशोब कोलमडतो. वर्षभर गणिताचा अभ्यास करावा आणि परीक्षेला भूगोलाचा पेपर हातात पडावा, तसं होतं. जो पास होतो तो हुशार असतोच असं नाही. कधीतरी सहज भूगोल वाचून ठेवलेला असतो, एवढंच. आणि पुढची सगळी जीवसृष्टी या पास झालेल्यांच्याच वंशातून उभी राहते.

हे मान्य करायला शास्त्रज्ञांना फार वेळ लागला. प्राण्यांच्या जाती समूळ नष्ट होतात, हे फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मॅमथची हाडं हत्तींच्या हाडांशी ताडून दाखवलं होतं. पृथ्वीवर मधूनमधून उलथापालथी होतात, असंही ते म्हणत. पण पुढे चार्ल्स लायल यांचा विचार वरचढ ठरला. आज जे पाऊस, वारा, नद्या, भूकंप दिसतात त्यांनीच संथपणे सगळं घडवलं, असा तो विचार. डार्विन यांच्यावर त्याची गाढ छाप होती. शिवाय प्रलय म्हटलं की धर्मग्रंथातली गोष्ट आठवायची, त्यामुळे शास्त्रज्ञ त्या वाटेला जायला बिचकत. खडकात एकदम गायब होणारे जीवाश्म दिसले तरी 'मधली पानं हरवली असतील' असं म्हणून पुढे जात. माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासातली ही मोठी गमतीची गोष्ट आहे: पुरावा समोर होता आणि तो दिसू नये अशी व्यवस्था शहाण्या माणसांनीच केली होती.

ती मोडली १९८० मध्ये. इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळ चुनखडीच्या थरांमधे, डायनासोर संपले त्याच काळातली, बोटभर जाडीची मातकट रेघ आहे. खालच्या चुनखडीत समुद्री सूक्ष्मजीवांची रेलचेल, वरच्या चुनखडीत मोजक्याच आणि बारक्या जाती. ही रेघ साचायला किती वर्षं लागली हे वॉल्टर अल्वारेझ यांना मोजायचं होतं. त्यांचे वडील लुई अल्वारेझ हे नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ. अवकाशातून पृथ्वीवर सतत बारीक धूळ पडत असते, तिच्यात इरिडियम नावाचा धातू असतो. तो मोजला की काळ कळेल, अशी युक्ती निघाली. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजलं, तर इरिडियम अपेक्षेच्या कित्येक पट निघालं. धुळीने एवढं साचणं शक्य नव्हतं. मोठा अशनीच, म्हणजे अवकाशातून आलेला दगडच, आदळला असला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. विवर मात्र सापडत नव्हतं. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर तेल शोधणाऱ्या भूशास्त्रज्ञांना ते आधीच दिसलेलं होतं, पण या दोन गोष्टींची गाठ पक्की बसायला १९९१ उजाडलं. चिक्शुलुब हे त्या विवराचं नाव.

आपल्याला विवर म्हटलं की लोणार आठवतं. बुलढाण्यातलं ते विवरही अशनीच्याच आघाताने, आणि याच दख्खनच्या बेसाल्टमधे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकात, झालेलं. काठावर उभं राहिलं की छाती दडपते. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. चिक्शुलुबचा सुमारे १८० किलोमीटर. शंभरपट. अशनी स्वतः दहा-बारा किलोमीटर रुंद, म्हणजे त्याची एक बाजू समुद्राच्या पाण्याला टेकली तेव्हा दुसरी एव्हरेस्टहून उंच हवेत असणार.

पण आदळण्याने जग मेलं नाही. आसपासचं सगळं भाजलं, त्सुनामी आल्या, हे खरं. तरी अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या प्राण्याला त्याने काय होणार? मारेकरी निघाला तिथला खडक. युकातानच्या त्या भागात जिप्समसारखे गंधकयुक्त खडक जाड थरांत होते. आघाताने त्यांची वाफ झाली, गंधकाचे सूक्ष्म कण आणि काजळी वरच्या हवेत पसरली आणि सूर्य झाकोळला. झाडांना आणि समुद्रातल्या हिरव्या सूक्ष्मजीवांना अन्न बनवता येईना. पानं गेली की पानं खाणारे गेले, ते गेले की त्यांना खाणारे गेले. तापमान कित्येक अंशांनी उतरलं. असे खडक पृथ्वीच्या थोड्याच भागात आहेत. काही तास आधी किंवा नंतर तोच अशनी आला असता, तर पृथ्वी तेवढी फिरलेली असती, आणि तो कदाचित खोल समुद्रात पडला असता. डायनासोरांचं नशीब इतक्या बारीक धाग्यावर होतं.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात त्या दिवशी मेलेले मासे सापडले आहेत. आघातानंतर हवेतून पडलेले काचेचे बारीक गोळे त्यांच्या कल्ल्यांत अडकलेले आहेत. माशांच्या हाडांतही झाडांसारखी वाढीची वर्तुळं असतात. त्यांवरून २०२२ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की तिथे तेव्हा वसंत ऋतू होता. उत्तर गोलार्धात पिल्लं बाहेर पडण्याच्या हंगामात हा घाव बसला.

आणि दख्खन? त्यावर अजून भांडण आहे, आणि ते चांगलं कडाक्याचं आहे. अशनी पडण्याच्या आधीपासून इथे लाव्हा वाहत होता, हे नक्की. अशा उद्रेकातून दोन प्रकारचे वायू येतात. गंधकाचे वायू काही वर्षं थंडी आणतात आणि आम्लाचा पाऊस पाडतात. कार्बन डायऑक्साइड हजारो वर्षं उष्मा वाढवतो आणि समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकवतो. गर्टा केलर यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात, खरा खुनी दख्खनच. २०१९ मध्ये लाव्हाचे थर फार बारकाईने मोजणारे दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एकाचं म्हणणं, एक मोठा उद्रेक अशनीच्या अगदी आधी झाला. दुसऱ्याचं म्हणणं, लाव्हाचा बहुतांश भाग अशनीनंतर आला. मला पटतं ते असं: अशनीशिवाय हा घात झाला नसता, पण दख्खनमुळे जग आधीच थोडं हैराण असावं. महाराष्ट्राचा म्हणून मला दख्खनचा अभिमान आहे, तरी खुनाचा आरोप स्वतःहून ओढवून घ्यायची गरज नाही.

त्या प्रलयात सुमारे तीन चतुर्थांश जाती संपल्या. उरलं कोण? जमिनीवर २५ किलोहून जड असं जवळजवळ कुणीच नाही. अपवाद मगरींसारख्या गोड्या पाण्यातल्या प्राण्यांचा. गोड्या पाण्यातलं अन्न ताज्या पानांवर कमी आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर जास्त चालतं, आणि अंधारात पाचोळा काही संपत नाही. कासवं थंड पडून महिनोन्महिने कमी खाण्यावर राहू शकतात. बेडूक चिखलात दडी मारतात. म्हणजे वरळीच्या तळ्यातली ती यादी जवळपास वाचलेल्यांचीच यादी आहे. २०१७ मध्ये बेडकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला. त्यातून दिसलं, की आज जगात असलेल्या बेडकांच्या दहापैकी जवळजवळ नऊ जाती ज्या तीन शाखांतून आल्या, त्या तिन्ही या प्रलयानंतर झपाट्याने फुटल्या. पावसाळ्यात आरे कॉलनीत जो कलकलाट होतो, त्यामागे हे आहे.

पक्ष्यांचंही तसंच. पक्षी म्हणजे डायनासोरांचीच एक शाखा. झाडांवर राहणारे, दात असलेले पुष्कळसे पक्षी जंगलांबरोबर गेले. जमिनीवर वावरणारे आणि चोचीने बी टिपणारे वाचले असावेत. मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं टिकतं. कबुतराला आपण कितीही शिव्या घातल्या, तरी जमिनीवर दाणे वेचण्याच्या त्या सवयीला थोडा मान द्यावाच लागेल.

आणि आपले पूर्वज? कोलोरॅडोत डेन्व्हरच्या दक्षिणेला कोरल ब्लफ्स नावाच्या जागी प्रलयानंतरची पहिली दहा लाख वर्षं जवळजवळ पानापानाने वाचता येतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सस्तन प्राण्यांचा आकार कसा वाढला ते दिसतं. प्रलयातून वाचलेले उंदराघुशीएवढे, अर्ध्या-पाऊण किलोचे. लाखभर वर्षांत ते मांजराच्या पुढे गेले. सात लाख वर्षांनी पन्नास किलोपर्यंतचे प्राणी दिसतात, आणि नेमक्या त्याच थरात शेंगा येतात, उत्तर अमेरिकेत सापडलेल्या सर्वांत जुन्या. डाळीसारखं प्रथिनांनी भरलेलं अन्न मिळालं आणि अंगं भरली, असं अभ्यासक म्हणतात. ज्यांच्या घरी रोज वरणभात असतो त्यांना हे पटायला हरकत नाही.

हा शेवटचा मोठा प्रलय. सर्वांत भयंकर मात्र हा नव्हे. तो २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा, पर्मियन काळाच्या शेवटचा. तो मात्र लाव्हाचाच, सायबेरियातला, आणि दख्खनहून बराच मोठा. पण नुसत्या आकाराने तो एवढा जीवघेणा झाला नाही. वर येणारा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, कोळसा, मीठ आणि जिप्समच्या जुन्या थरांत आडवा घुसला. कोळसा जळाला, विषारी वायू निघाले, कार्बन डायऑक्साइड बेफाम वाढला. विषुववृत्ताजवळचा समुद्र सुमारे दहा अंशांनी तापला. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि तापलेल्या शरीराला तो जास्त लागतो. दोन्हींच्या कात्रीत समुद्री जीव सापडले. दहापैकी आठ-नऊ समुद्री जाती संपल्या. ट्रायलोबाइट नावाचे कवचधारी समुद्री प्राणी जवळजवळ सत्तावीस कोटी वर्षं टिकलेले होते, तेही गेले. कीटकांनासुद्धा या एकाच प्रलयाने खरा दणका दिला. नंतर जवळजवळ एक कोटी वर्षं प्रवाळांचे खडक दिसत नाहीत, कोळशाचे थर दिसत नाहीत, कारण कोळसा व्हायला लागणारी दलदलीतली दाट रानं उरली नव्हती. भारतात या घटनेचे खडक श्रीनगरजवळ गुरयुल खोऱ्यात उघडे दिसतात.

उरलेल्या ओसाड जगात राज्य केलं लिस्ट्रोसॉरस नावाच्या प्राण्याने: डुकराएवढा, चोचीसारखं तोंड, दोन सुळे. त्याचे अवशेष दक्षिण आफ्रिका, अंटार्क्टिका आणि आपल्याकडे राणीगंजच्या परिसरातही मिळतात. काही जागी तर कणा असलेल्या प्राण्यांची निम्म्याहून अधिक हाडं एकट्या याचीच. त्याच्यात काही मोठी करामत होती असं दिसत नाही. बिळात राहत असावा, मिळेल ते खात असावा, पिल्लं लवकर होत असावीत.

आपल्याला या प्रलयाचा एक फटका अजून जाणवतो. त्याआधी जमिनीवर आपल्या, म्हणजे सस्तनांच्या पूर्वजांच्या घराण्याची चलती होती. प्रलयानंतर ती जागा मगरी आणि डायनासोरांच्या घराण्याने घेतली, आणि आपले पूर्वज बारीक होत होत रात्रीच्या आडोशाला गेले. पंधरा कोटी वर्षं रात्रपाळी. अंगावर दाट केस, तीक्ष्ण कान आणि नाक ही त्या रात्रपाळीची कमाई. रंग ओळखण्याची ताकद हे नुकसान. म्हणून कुत्र्याला, गाईला, मांजराला तांबडा-हिरवा फरक नीट कळत नाही, आणि पोपटाला मात्र आपल्याहून जास्त रंग दिसतात. माकडांच्या काही शाखांनी दिवसा फळं शोधताना तांबडा रंग पुन्हा मिळवला. आपण त्यांच्यातले, म्हणून हापूस पिकला की कळतो.

बाकीचे मोठे प्रलय भराभर सांगतो. ४४.५ कोटी वर्षांपूर्वी अचानक बर्फ पसरला, समुद्र ओसरला आणि उथळ पाण्यातले जीव गेले. ३७ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी दोन टप्प्यांत समुद्राची घुसमट झाली. चिलखती मासे संपले. त्याआधीच्या चार पायांच्या प्राण्यांना सहा, सात, आठ बोटं असत, त्यानंतर मात्र पाच बोटांची ठेवण पक्की झालेली दिसते. पाची बोटं सारखी नसतात हे खरं, पण ती पाचच असावीत असा काही नियम सुरुवातीला नव्हता. २३.४ कोटी वर्षांपूर्वी हवामान पालटून दहा-वीस लाख वर्षं पावसाचे जोरदार टप्पे येत राहिले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस आठवणाऱ्या माणसाला त्याचा अंदाज करणंही नको वाटेल. त्या ओल्या काळात डायनासोरांची पहिली भरभराट झाली. मग २०.१ कोटी वर्षांपूर्वी अटलांटिक महासागर फाटताना पुन्हा लाव्हा ओतला गेला, मगरींचे बलाढ्य भाऊबंद मेले, आणि मोकळ्या रानात डायनासोर मोठे झाले. पुढे त्यांचं जे झालं ते वर आलंच. ज्या दाराने आले त्याच दाराने गेले.

त्याहून कितीतरी मागे, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, एक प्रलय जीवांनीच आणला. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव सूर्यप्रकाशात अन्न बनवू लागले आणि टाकाऊ म्हणून प्राणवायू सोडू लागले. त्या काळच्या बहुतेक जीवांना प्राणवायू हे विषच होतं. आधी समुद्रात विरघळलेल्या लोखंडाने तो शोषला, त्याचा गंज तळाशी बसला. जगातल्या लोहखनिजाचा मोठा वाटा अशाच थरांतून येतो. शोषायला काही उरलं नाही तेव्हा तो हवेत साठला. पुष्कळ जीव गेले असतील, काही चिखलात आणि खोल पाण्यात लपले. त्यांचे वंशज आजही आपल्या आतड्यांत प्राणवायूपासून तोंड लपवून राहतात. काहींनी मात्र हेच विष जाळून ऊर्जा काढायला घेतली. त्यांतला एक दुसऱ्या पेशीत शिरून कायमचा राहिला, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या त्या भागाला आपण मायटोकॉन्ड्रिया म्हणतो. मग ७२ ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वी दोनदा पृथ्वी जवळजवळ विषुववृत्तापर्यंत गोठली. बर्फ वितळला तेव्हा डोंगर खरवडून आलेली पोषक द्रव्यं समुद्रात उतरली, शैवाल फोफावलं, आणि त्यानंतरच्या खडकांत डोळ्यांना दिसणारे प्राणी येऊ लागले.

प्रत्येक मोठा घाव जीवसृष्टीला वळण देतोच असंही नाही. सुमात्रा बेटावरचा टोबा ज्वालामुखी ७४ हजार वर्षांपूर्वी फुटला. गेल्या वीस लाख वर्षांतला हा सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक; त्याची राख सगळ्या भारतभर पडली. माणसाची संख्या तेव्हा काही हजारांवर आली आणि आपली जात थोडक्यात वाचली, असा सिद्धांत १९९० च्या दशकात खूप गाजला. पुढे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या तळातला गाळ तपासला, तर त्या काळात मोठी थंडी पडल्याची खूण मिळाली नाही. आणि आंध्र प्रदेशात ज्वालापुरमला टोबाची राख काही ठिकाणी दोन मीटरहून जाड आहे. तिथे राखेच्या खाली माणसाने घडवलेली दगडी हत्यारं सापडली, राखेच्या वरही सापडली, आणि दोन्हींची घडण बरीचशी सारखी आहे.